नाल कोणाच्या खिशात जाते

पत्त्यांच्या अड्ड्यावर एक माणूस असा असतो, जो कधीच पान हातात घेत नाही. जागा त्याची, सतरंजी त्याची, चहा त्याचा आणि बाहेर चाहूल घेत उभा राहिलेला पोरगाही त्याचाच. डाव संपला की जिंकणाऱ्याच्या ढिगातून ठरलेला हिस्सा तो बाजूला काढतो. त्या हिश्शाला नाल म्हणतात. आपल्या गोव्यात जत्रेच्या रात्री मंडपामागे गडगड्याच्या जुगाराचा पट मांडून बसणारा वेगळा. तो स्वतः लोकांशी खेळतो आणि एखाद्या रात्री लोक जिंकले तर तो बुडतोही. नाल घेणारा कधी बुडत नाही. कोण जिंकले आणि कोण हरले याच्याशी त्याला कर्तव्य नसते, डाव किती झाले एवढेच तो मोजतो. पोकर या पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळाची ऑनलाइन साइट ही नाल घेणाऱ्या माणसाची जात आहे. त्या धंद्यात नालेला रेक किंवा फी म्हणतात, सतरंजीच्या जागी सर्व्हर आला आहे आणि एका रात्रीत डावाला बसणाऱ्यांची संख्या दहा-वीसवरून हजारोंवर गेली आहे. हिशेब मात्र तोच राहिला आहे, आणि पोकरबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते तीत नेमका तोच कोणी मांडत नाही.

चर्चा अडकली आहे ती एकाच प्रश्नावर, की हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींबद्दल तसेच म्हटले, आणि त्यानंतरची सगळी वर्षे वकिलांनी पोकरला त्याच फूटपट्टीने मोजले. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवले, तर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रमीबरोबर पोकरही कौशल्याचाच खेळ असल्याचा निर्वाळा दिला. पण १९६८ च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जिची आठवण साइटवाले कधी काढत नाहीत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळातून जागेचा किंवा क्लबचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, असे न्यायालयाने तेथे स्पष्ट केले होते. त्या प्रकरणातला सिकंदराबादचा क्लब सभासदांकडून सेवेपोटी किरकोळ रक्कम घेत होता, म्हणून तो सुटला. म्हणजे कौशल्याचा मुद्दा मान्य करतानाच न्यायालयाची नजर नालेवरही होती. ती नजर आपण पुढे हरवून बसलो, असे माझे म्हणणे आहे. आणि मोठ्या स्पर्धांचा हिशेब मांडून पाहिला तर ती का हरवता कामा नये हे कळते.

समजा एखाद्या साइटने रविवारी रात्रीची स्पर्धा जाहीर केली. प्रवेशाला ५,५०० रुपये, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘एक कोटी गॅरंटीड’, म्हणजे बक्षिसाचा निधी निदान एक कोटीचा असेल अशी हमी. या ५,५०० पैकी ५,००० बक्षिसाच्या निधीत जातात आणि ५०० साइट ठेवून घेते. ही विभागणी लपवलेली नसते, स्पर्धेच्या नावापुढे ५,०००+५०० अशी लिहिलेली असते. निधीत एक कोटी जमायला २,००० प्रवेश लागतात. ते झाले तर साइटच्या हाती दहा लाख राहतात आणि हमीपोटी खिशातून एक पैसाही जात नाही, कारण तो कोटी खेळणाऱ्यांनीच एकमेकांसाठी भरलेला असतो. २,४०० प्रवेश झाले तर निधी १ कोटी २० लाखांचा होतो आणि साइटची नाल १२ लाखांची. आता प्रवेश कमी पडले असे धरू. १,९०० च झाले तर निधीत ९५ लाख जमतील आणि उरलेले पाच लाख साइटला घालावे लागतील, ज्याला पोकरवाले ओव्हरले म्हणतात. पण त्याच वेळी तिच्याकडे नालेचे साडेनऊ लाख जमलेले असतात. प्रवेश १,८१९ च्या खाली घसरल्याशिवाय साइटला त्या स्पर्धेत एक रुपयाचाही तोटा होत नाही. खालच्या टोकालाही समजा प्रवेश १,७०० वरच थांबले, तर साइटला सोसावे लागतात साडेसहा लाख. तेवढ्या पैशांत ‘एक कोटी’ हे शब्द आठवडाभर हजारो मोबाइलवर झळकत ठेवणे तिला दुसऱ्या कोणत्या मार्गाने जमले असते? शिवाय ओव्हरले पडला की अनुभवी खेळाडू आनंदाने ती बातमी एकमेकांना कळवतात आणि पुढच्या रविवारी आपण होऊन गर्दी करतात.

हे केवळ कल्पनेतले गणित नाही. २०२० साली करोनामुळे लास व्हेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर भरू शकली नाही, तेव्हा जीजीपोकर या साइटवर तिची मुख्य ऑनलाइन स्पर्धा झाली. प्रवेश ५,००० डॉलर, त्यातले ४,७५० निधीत आणि २५० फी. हमी अडीच कोटी डॉलरची. एकूण ५,८०२ प्रवेश झाले आणि निधी २ कोटी ७५ लाख ५९ हजार ५०० डॉलरवर पोहोचला. ऑनलाइन पोकरच्या एका स्पर्धेतला तो विक्रम म्हणून नोंदला गेला. बल्गेरियाच्या स्टोयान मदानझिएव्हने ३९ लाख डॉलर जिंकले. जगभर छापले गेले ते हे आकडे. २५० ला ५,८०२ ने गुणून येणारे साडेचौदा लाख डॉलर कोणी ठळकपणे छापले नाहीत, आणि ५,००० प्रवेशांवरच साइटचा जमाखर्च जुळत होता, हेही कोणी सांगितले नाही.

येथे ‘प्रवेश’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. खेळाडू आणि प्रवेश या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि मोठ्या स्पर्धेचा नफा त्या दोहोंमधल्या फटीत दडलेला आहे. पूर्वी स्पर्धेतून बाहेर पडलेला माणूस बाहेरच राहत असे. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत री-एंट्री असते: सगळ्या चिप्स, म्हणजे प्रवेशाबरोबर मिळालेली खेळायची टोकने, गेल्या की पुन्हा पैसे भरायचे आणि पुन्हा बसायचे. प्रवेशाची खिडकी खेळ सुरू झाल्यावरही तासन्‌तास उघडी असते. री-एंट्रीवर नाल माफ होत नाही, पहिल्या प्रवेशाइतकीच पुन्हा कापली जाते. २,४०० प्रवेशांची स्पर्धा प्रत्यक्षात दीड हजार माणसांची असेल तर उरलेले ९०० प्रवेश म्हणजे त्याच रात्री एकदा हरून पुन्हा खिशात हात घातलेल्या माणसांचे प्रवेश असतात, आणि त्यांच्यावर साइटला मिळालेले साडेचार लाख हे चिडीच्या आणि हट्टाच्या घटकेत काढलेले पैसे असतात.

मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात अनेक वर्षे अकाउंटन्सी शिकवली. माझा एक माजी विद्यार्थी २०२४ च्या डिसेंबरात घरी आला. वडिलांचे म्हापशाला दुकान आहे, तो तेथेच बसतो. चहा घेता घेता त्याने मोबाइल पुढे केला आणि एका रात्रीचे व्यवहार मला दाखवले. स्पर्धा एकच होती, १,००० अधिक १०० रुपयांची. पहिला प्रवेश रात्री आठला, दुसरा आठ त्रेचाळीसला, तिसरा साडेनऊला आणि चौथा सव्वादहाला, खिडकी बंद होण्याच्या किंचित आधी. चार वेळा ‘१,१०० वजा’ अशी नोंद होती आणि पाचवी नोंद मध्यरात्रीनंतरची होती, ‘२,१५० जमा’. त्या पाचव्या नोंदीबरोबर अॅपने त्याचे अभिनंदन केले होते, कारण बक्षीस मिळालेल्या पंधरा टक्क्यांत तो आला होता. साइटच्या लेखी तो त्या रात्रीचा विजेता होता. त्याने भरले होते ४,४०० आणि परत आले होते २,१५०.

मी त्याला म्हटले, एक रात्र धरून काही कळणार नाही, सगळा इतिहास उतरवून काढ आणि दोन रकाने कर. आठ दिवसांनी तो वही घेऊन आला. चौदा महिन्यांत ७८० प्रवेश, भरलेली रक्कम ४ लाख २९ हजार, परत आलेली ३ लाख ८३ हजार. तोटा ४६ हजारांचा. दुसऱ्या रकान्यात त्याने प्रत्येक प्रवेशामागची फी लिहिली होती, तिची बेरीज ३९ हजार होती. तो बेरजेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, म्हणजे मी खेळणाऱ्यांकडून सात हजारच हरलो?” होय, हजारो अनोळखी माणसांशी चौदा महिने खेळून तो त्यांच्या जवळजवळ बरोबरीचा ठरला होता. तो वाईट खेळाडू नव्हता. त्याच्या तोट्यातला जवळजवळ सगळा भाग साइटकडे गेला होता, जिच्याविरुद्ध त्याने एकही पान टाकले नव्हते.

कौशल्याच्या युक्तिवादाची मर्यादा मला त्या वहीत दिसली. पोकरमध्ये कौशल्य आहे हे मी मान्य करतो. पत्ते सगळ्यांना सारखेच वाटले जातात, पण केव्हा पान टाकून द्यावे आणि केव्हा पैसे वाढवावे हे जाणणारा माणूस दीर्घकाळात न जाणणाऱ्याकडून पैसे घेतो, यात शंका नाही. परंतु कौशल्याने टेबलावरचे पैसे वाढत नाहीत, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात. सगळ्या खेळाडूंच्या नफ्यातोट्याची बेरीज केली तर, ओव्हरलेच्या रात्री सोडल्या तर, ती नेहमीच उणे येते, आणि ती उणे रक्कम बरोबर नालेइतकी असते. ५,०००+५०० च्या स्पर्धेत नुसते बरोबरीत राहायचे तरी माणसाला ५,००० ची बाजी लावून सरासरी साडेपाच हजार परत आणावे लागतात. म्हणजे सर्वसाधारण प्रतिस्पर्ध्यापेक्षा तो दहा टक्क्यांनी सरस असला पाहिजे, आणि तेवढे सरस असल्यावर त्याची कमाई शून्य आहे. लहान रकमेच्या स्पर्धांत नालेचे प्रमाण बहुधा जास्त असते आणि मोठ्या रकमेच्या स्पर्धांत कमी. म्हणजे नवखा आणि कमी ऐपतीचा माणूस शेकड्याला अधिक मोजतो.

त्यात मोठ्या स्पर्धेचा आणखी एक गुण आहे, जो साइटच्या पथ्यावर पडतो. हजारो प्रवेशांच्या स्पर्धेत बक्षिसाचा मोठा भाग पहिल्या काही जागांवर एकवटलेला असतो, त्यामुळे चांगला खेळाडूही महिनोन्‌महिने हरत राहू शकतो आणि साधारण खेळाडू एका रात्री लाखो जिंकून जाऊ शकतो. आपण खरोखर सरस आहोत की नाही, हे खेळणाऱ्याला शेकडो स्पर्धा खेळूनही खात्रीने कळत नाही. आज हरलो ते नशिबाने आणि त्या महिन्यात जिंकलो ते कौशल्याने, अशी समजूत करून घ्यायला त्याला भरपूर वाव मिळतो, आणि ती समजूत टिकेल तोवर तो प्रवेश घेत राहतो. साइटला मात्र आपला निकाल त्याच रात्री, प्रवेशाची खिडकी बंद होताच कळलेला असतो.

आता सॅटेलाइटकडे, म्हणजे मोठ्या स्पर्धेचे तिकीट जिंकून देणाऱ्या लहान स्पर्धेकडे वळतो, कारण नालेचे खरे रूप मला त्यात दिसते. ५,५०० रुपये एकदम भरायची सर्वांचीच तयारी नसते, म्हणून साइट ५०+५ रुपयांची एक लहान स्पर्धा ठेवते, जिच्यातून ५५० च्या स्पर्धेचे तिकीट मिळते, आणि ५००+५० च्या त्या दुसऱ्या स्पर्धेतून ५,५०० चे तिकीट मिळते. ‘फक्त ५५ रुपयांत एक कोटीच्या स्पर्धेत’ ही जाहिरात खोटी नाही. पण एका जागेसाठी किती माणसे लागतात ते मोजा. पहिल्या पायरीवर १२१ माणसे प्रत्येकी ५५ रुपये भरतात, एकूण ६,६५५. त्यातले ६०५ साइट ठेवते आणि उरलेल्या ६,०५० मधून ५५० ची अकरा तिकिटे निघतात. दुसऱ्या पायरीवर त्या अकरा जणांच्या तिकिटांतून साइट पुन्हा ५५० ठेवते आणि ५,५०० चे एक तिकीट निघते. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे मुख्य स्पर्धेत, त्या एका माणसाच्या तिकिटातून आणखी ५०० जातात. १२१ माणसांच्या ६,६५५ रुपयांतले ५,००० बक्षिसाच्या निधीपर्यंत पोहोचतात आणि १,६५५ साइटकडे राहतात. तिन्ही पायऱ्यांवर दहा-दहा टक्केच लिहिलेले असते, पण पायऱ्या चढून गेलेल्या पैशांतला जवळजवळ चौथा हिस्सा नालेत गेलेला असतो. आणि मधल्या पायरीवर जे मिळते ते बहुधा रोख नसून तिकीट असते. ते मोडून पैसे घेऊन घरी जाण्याची सोय नसते.

सॅटेलाइटची ही शिडी २००३ मध्ये जगप्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या टेनेसीच्या ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने शंभर डॉलरच्याही आतल्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी स्पर्धेत ८३९ जण होते, पुढच्या वर्षी २,५७६ झाले आणि २००६ मध्ये ८,७७३. एका माणसाच्या विजयाने ही गर्दी आली असे सर्रास म्हटले जाते आणि त्यात बरेच तथ्य आहे. पण त्या गर्दीने वाटेत सॅटेलाइटमध्ये काय भरले, याचा हिशेब त्या गोष्टीत येत नाही. ज्या साइटवर मनीमेकर खेळला ती पोकरस्टार्स, तिची मालक कंपनी २०१४ मध्ये ४९० कोटी डॉलरना विकली गेली. आपल्याकडे २०२४ मध्ये नझारा टेक्नॉलॉजीजने पोकरबाझी ही साइट चालवणाऱ्या कंपनीतल्या निम्म्याहूनही कमी हिश्शासाठी नऊशे कोटींच्या वर रक्कम मोजली. एवढी किंमत पत्ते वाटणाऱ्या संगणकाला येत नाही. येत्या काळात त्यातून निघणाऱ्या नालेला येते.

काही जाणकार मला सांगतात की साइटची मुख्य कमाई स्पर्धांतून नव्हे, तर रोख टेबलांवरून होते, जेथे स्पर्धा नसते, थेट पैशांचे डाव होतात आणि डावांतूनच नाल कापली जाते. हे खरे आहे, पण त्यामुळे माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. ५०० रुपये फी देऊन माणूस सात-आठ तास स्पर्धेत बसतो. तेवढा वेळ तो रोख टेबलावर बसला असता तर साइटला कदाचित जास्त मिळाले असते. तरीही साइट मोठ्या स्पर्धांवर एवढी मेहनत घेते, कारण कोटीच्या आकड्याला भुलून नवा माणूस दारात येतो आणि रोख टेबलाच्या नावाने कोणी येत नाही. स्पर्धेतून लवकर बाहेर पडलेल्याला शेजारचे टेबल उघडेच असते, आणि स्पर्धेत थोडेफार मिळालेल्याचे पैसे खात्यातच पडून राहतात व तेथून बहुधा टेबलावरच जातात. लहान लहान बक्षिसे पुष्कळ माणसांत वाटण्यामागेही हाच विचार आहे. हरलेला माणूस थोडे परत मिळाले की उठत नाही.

साइटच्या बाजूने बोलण्यासारखे जे आहे ते सांगणे मला आवश्यक वाटते. सर्व्हर, पैशांची देवघेव, टेबलावर संगनमत करणाऱ्यांना आणि माणसाऐवजी खेळणाऱ्या संगणक प्रणालींना पकडणे, याला खर्च येतो आणि सेवेचे मोल घेणे हा गुन्हा नाही. लॉटरीच्या तिकिटाच्या तुलनेत पोकरच्या स्पर्धेतून खेळणाऱ्यांकडे परत जाणारा हिस्सा कितीतरी मोठा असतो, आणि फीचा आकडा तिकिटावर लिहिलेला तरी असतो. हे सगळे मान्य. परंतु जी कंपनी ‘आम्ही क्रीडास्पर्धा भरवतो’ असे म्हणते, तिला क्रीडास्पर्धेचा निकष लावला पाहिजे. २०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यातच बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. २०६ खेळाडू, वीस लाख डॉलरची बक्षिसे, आणि पहिल्याच फेरीत बाद झालेल्यालाही ठरलेले मानधन. ती बक्षिसे बाद झालेल्यांच्या खिशातून आली नव्हती, आणि हरल्यावर त्याच दिवशी पैसे भरून पुन्हा पटावर बसण्याची सोयही तेथे नव्हती. ज्या स्पर्धेचे संपूर्ण बक्षीस हरणाऱ्यांकडून येते आणि हरण्याच्या प्रत्येक खेपेला भरवणाऱ्याची मिळकत वाढते, ती कितीही कौशल्याची असली तरी तिचा धंदा क्रीडेचा राहत नाही.

खेळाडूंचे खात्यात पडलेले पैसे हा आणखी एक विषय आहे, त्याला येथे थोडक्यातच स्पर्श करतो. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने मोठ्या साइटांवर कारवाई केली तेव्हा फुल टिल्ट पोकर ही कंपनी जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत सुमारे सहा कोटी होते, असे तेथील न्याय खात्याने न्यायालयात सांगितले. नालेवर चालणाऱ्या धंद्यालाही दुसऱ्याच्या ठेवीला हात लावण्याचा मोह आवरला नाही, एवढे त्यातून दिसते.

आता गोव्याकडे येतो. आपला जुगारविषयक कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांवरच्या जुगाराची आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना कॅसिनोची वाट करून दिली गेली, आणि आज पणजीत जुन्या सचिवालयासमोर उभे राहिले की मांडवीच्या पात्रात त्या बोटींचे दिवे दिसतात. याच बोटींवर देशभरचे खेळाडू जमा होऊन पोकरच्या मालिका भरतात. २०२० च्या १ फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत जाऊन खेळण्यास बंदी झाली. मी त्या निर्णयाचे तेव्हा स्वागत केले होते आणि आजही करतो. पण त्या बंदीने म्हापशाच्या दुकानातला मुलगा वाचला नाही. त्याला बोटीवर जाता येत नव्हते, तरी खिशातल्या मोबाइलवर तोच खेळ, तीच नाल आणि चारदा प्रवेश घेण्याची सोय होती, आणि ती पाच वर्षे तशीच चालू राहिली.

केंद्र सरकारने तोवर कराच्या अंगाने बरेच केले. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर उगमातच कापला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून फीऐवजी खेळाडूने भरणा केलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि अनेक साइटांनी तो कर बोनसच्या रूपाने भरून देऊन गिऱ्हाईक टिकवले. करामुळे सरकारही नालेत वाटेकरी झाले, पण नाल कशी गोळा होते याकडे कोणी पाहिले नाही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा संमत केला. त्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच पुसून टाकला, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ते पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड ठेवला. देशातल्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. माझ्या विद्यार्थ्यासारख्या कित्येकांच्या घरी त्यामुळे थोडी शांतता आली असेल, आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही.

तरीही बंदीने प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. परदेशी साइटा आणि एजंटांमार्फत चालणारे खासगी क्लब या कायद्याच्या हाताला सहज लागणारे नाहीत. तेथे नाल किती हे तिकिटावरही लिहिलेले नसते, आणि एजंटाचा वाटाही त्या नालेतूनच निघतो. दुसरीकडे मांडवीतल्या बोटींवर पोकरच्या स्पर्धा कायद्याने चालू आहेत. गेमिंग आयुक्ताची जबाबदारी वाणिज्य कर आयुक्तांकडे देण्याचे आपल्या सरकारने २०२० मध्येच जाहीर केले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोंवर चाळीस टक्के जीएसटी लागतो आहे आणि परवान्याचे शुल्क राज्याच्या तिजोरीत पडते आहे. म्हणजे देशात ज्या मोजक्या ठिकाणी हा धंदा सरकारच्या डोळ्यांसमोर, परवान्याच्या अटींवर चालतो त्यांपैकी एक आपल्या दारात आहे, आणि त्या अटी काय असाव्यात हे ठरवण्याचा अधिकार आपल्या विधानसभेला आहे. बोटीवर खेळणारे गोव्याबाहेरचे असतात, म्हणून आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. पुण्याहून आणि बेळगावहून शुक्रवारच्या रात्री बसने येणारी मुले आपल्याच मुलांसारखी आहेत.

म्हणून परवाना देताना सरकारने हिशेब मागावा. प्रत्येक स्पर्धा संपल्यावर भरवणाऱ्याने जाहीर करावे की माणसे किती होती आणि प्रवेश किती झाले, त्यांतले दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेचे किती, एकूण नाल किती जमली, आणि सॅटेलाइटच्या सगळ्या पायऱ्या धरून एका जागेमागे किती कापले गेले. बक्षीस मिळालेल्यांची संख्या नको, ती सगळेच छापतात. आपण त्या स्पर्धेत भरलेल्या एकूण रकमेपेक्षा अधिक घेऊन उठलेल्या माणसांची संख्या हवी. री-एंट्री एकाच वेळेपुरती मर्यादित करावी आणि तिच्यावर नाल घेण्यास मनाई करावी. दुसऱ्या प्रवेशाचे सगळे पैसे बक्षिसाच्या निधीतच जाणार असतील, तर खिडकी मध्यरात्रीपर्यंत उघडी ठेवण्यात भरवणाऱ्याला किती रस उरतो ते लगेच दिसेल. उद्या न्यायालयाने केंद्राचा कायदा रद्द केला किंवा सौम्य केला, तर ऑनलाइन साइटांनाही याच अटी लावता येतील, आणि तोवर मांडवीवर त्यांचा अनुभव जमा झालेला असेल. हे आकडे भरवणाऱ्यांकडे आजही आहेत, प्रत्येक प्रवेश संगणकावर नोंदलेला आहे. ते पणजीच्या जेटीवर, बोटीत चढण्याच्या दाराशी, गेल्या महिन्यातल्या प्रत्येक स्पर्धेपुढे मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून लावावेत, आणि नालेचा आकडा पहिल्या बक्षिसाच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत असावा.